पासावरच्या पार्वतीबाई

—नाही, आधी तोंड उघडा, मग तिकडं पाहा. ट्रंकेतच हाये तुमचं लुगडं, कुठं पळून नाही गेलं. उघडा. हां. आता गिळा. लकव्यानं अर्धं अंग अन् वाचा गेली, आत्याबाई, गिळ्याले काही झालं नाही. काय पाहून राहिल्या अशा? हाव, जायचं पक्कं झालं, परवा निघतो. रेल्वेचा पास आला, ओरिसातून जंगल खात्याचं परमिटही आलं — तुमच्या लेकाच्या हापिसातले ते ओमप्रकाशभाऊ नाही का, त्याईच्या साळ्यानं काढून देल्लं. लोकं पुरीले जातात अन् येऊन सांगतात, समुद्र पाह्यला. पुरीले काय, कोणीही जाते. आमचं राखीव बेट हाये. इकडून समुद्र, तिकडून खाडी, अन् मधात नुसती वाळू आडवी पडली — ते बेट हाये म्हणून म्हणे मागची गावं तुफानात वाचतात. नावेनं जा लागते. दिवा न्यायचा नाही, बॅटरी न्यायची नाही, नारळ फोडायचा नाही, एक शिंपला उचलायचा नाही. काहून? तर कासवं येतात. ढिगानं येतात, वाळूत अंडे घालतात अन् परत जातात, अन् उजेड दिसला का बिचकतात. परमिटात ज्याचं नाव, त्यालेच नावेत पाय ठेवू देतात. बाजूच्या इंदूबाईले सांगितलं तर तिचं तोंडच उतरलं. मी म्हटलं, आत्याबाईलेही नेऊन राहिलो, तर म्हणते कशी — सून असावी तर अशी.

तुमचं नाव? हाये ना. हे, मी, दोन्ही पोरं अन् पार्वतीबाई. रेल्वेच्या पासावर विधवा मायचं नाव बसते, बायकोच्या मायचं बसत नाही. हा कोणता न्याय झाला सांगा? माह्या आईनं कळमेश्वराच्या बाहेर काही पाह्यलं नाही जन्मात. मग तुमचं नाव वाया काहून घालवा — तुम्ही राहा घरी, तुमचं नाव जाऊन येते समुद्रावर, माह्या आईसोबत. हे आधी नाही नाहीच म्हणत होते, मग झाले तयार. काल मी कळमेश्वरले गेली तर तिले शिकवून राहिली — टी.सी.नं विचारलं, पार्वतीबाई कोण, तर मान हलवजो वं. अन् मी आवाज देल्ला, पार्वतीबाई, तर ती मागं वळून पाहून राहिली, कोण आलं म्हणून. हसूहसू पोट दुखलं आमचं. तुमालेही हसू येऊन राहिलं ना? नाही? तोंड वाकडं झाल्यापासून समजतच नाही तुमचं. लुगडंही तिलेच देते. ह्याईनं मोठ्या हौसेनं आणलं, माय समुद्रात पाय बुडवन तर नव्या लुगड्यात बुडवन म्हणून — आता पलंगावर नवं लुगडं कोण पाह्यते? गिळा. गालात धरून ठेवू नका, मले माहीत हाये तुमची ही सवय.

अन् तुमचं सगळं करून ठेवलं मी. कामवाली मीराबाई येते मागच्या दारानं, सकाळी एकदा अन् दिवेलागणीले एकदा. ह्याईले सांगितलं का ती रात्रंदिवस इथंच राह्यते — सांगा लागते तसं, नाही तर तिकडं समुद्रावर बसून त्याईचं मन खात राह्यते. समोरून कुलूप राहीन, खिडक्या बंद. ही क्वार्टरची सगळी लाइन रेल्वेची, इंदूबाईचा नवरा तर पासाच्याच टेबलावर बसते, त्याले इथून तुमचा खोकला ऐकू आला तर ह्याईची नोकरी जाईन. खोकला आला का उशीत तोंड घाला, तेवढं जमते तुमाले. अन् एक नीट आयकून ठेवा, आत्याबाई — त्या दिवसाईत काही करून बसू नका. डॉक्टरले बोलावता येणार नाही, तुम्ही तर समुद्रावर. समुद्रावर गेलेल्या बाईले इथं कोण खांदा देईन? आम्ही आलो का मग सावकाश काय ते करा.

आता हे पाणी कायले काढता डोळ्यातून. नेलं असतं ना मी. डॉक्टर म्हणाला, बसवून नेता येते. ओमप्रकाशभाऊ म्हणाले, नावाडी खुर्चीसकट उचलतात, म्हाताऱ्याईले नेतातच. अन् हे तर पार रडकुंडीले आले — बाबा जलमभर मायले म्हणत राहिले, पास निघाला का तुले समुद्र दाखवतो, अन् तसेच रुळावर राबूराबू मेले, मी तरी मायले दाखवतो. बरं, नेलं. मग त्या वाळूत तुमचं हगणंमुतणं कोणी काढा? मीच ना. धडधाकट होत्या तेव्हा मले साधं रामटेकले नेलं नाही तुम्ही. आठवते? सगळे जण टांग्यात बसले, मी पोरगं कडेवर घेऊन फाटकात उभी, अंगावर जायसाठी नेसलेलं पातळ. अन् तुम्ही टांग्यातून म्हणाल्या, घर कोणी सांभाळावं? टांगा वळणावर गेला तरी मी उभी, मले वाटलं मस्करी करून राहिल्या, परत बोलावतात. आता सांभाळा घर.

अन् मी कुठं नाही म्हटलं? ‘नाही’ तुम्हीच म्हटलं. हे रोज ड्यूटीवरून आले का विचारतात, माय, येते का समुद्रावर — अन् रोज तुम्ही डोळे मिटता. घट्ट मिटता, कपाळाले आठ्या पडेपर्यंत. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं होतं ना, हो म्हणायचं तर डोळे मिटत जा आजी, नाही म्हणायचं तर उघडे ठेवा. हे कुठं होते तेव्हा, मीच होती. घरी येऊन मी ह्याईले उलटं सांगितलं. मिटले का समजा नाही, उघडे ठेवले का समजा हो. बस, एवढंच केलं मी. तुमचा लेक पाण्याचा गिलास घेऊन येते, पाजू का म्हणते, तुम्ही मिटता, अन् तो बिचारा भरला गिलास घेऊन परत जाते. पहिल्या पहिल्यांदा मले धाक वाटे, आता समजन त्याले, आता समजन. नाही समजत. पोटचा पोरगा असून नाही समजत. काय? अशा काहून पाहून राहिल्या माह्याकडं? तुमाले काय समजते म्हणा आता. खा, शेवटचा घास हाये. सांडवू नका.

सायकल वाजली. हे आले वाट्टे. तोंड पुसू द्या.

या ना. जेवल्या, पोटभर जेवल्या, मीच भरवलं. ट्रंक? काही नाही, लुगडं दाखवून राहिली होती त्याईले, मन रमते जरा. आता कायले विचारता पुन्हा, किती बार विचारान, त्याईचं मनच नाही तर. तुमीच सांगा, जबरदस्ती कशी करा? बरं, विचारा. शेवटचं विचारून घ्या, तुमच्या जिवाले बरं वाटन. ऐकलं ना, आत्याबाई, हे विचारून राहिले, येता का समुद्रावर.

थांबा, मिटतात. दमल्या हायेत आज, टाइम लागते. मिटतात आता.

आत्याबाई.

नाही हो, हो कुठं म्हटलं त्याईनं, डोळ्यात कचरा गेला असन. पाणी गळून राहिलं पाहा, आग होत असन — सरका, मी पदरानं पुसते. माहा हात काहून धरला तुम्ही? सोडा ना. तिकीट-परमिट सगळं झालं, माही आई तिकडं पिशवी भरून बसली. झोप आली हो त्याईले. आत्याबाई, डोळे मिटा. रोज मिटता ना, तसे मिटा.

मिट ना वं, बुढे. मिट.