कव्हरखालची चिठ्ठी

वडिलांची कागदपत्रं छातीशी धरून ती झेरॉक्सच्या रांगेत उभी होती. पुढचं वयस्कर जोडपं कुजबुजत होतं, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

"अहो, समोरच्यांच्या गाडीवर कव्हर कोणी घातलं?"

"मी. माणूस गेला, गाडी बिचारी धूळ खात होती."

"आणि तुमची ती चिठ्ठी? वायपरखालची?"

"कुठली… अरे देवा! तशीच राहिली की आत."

"धन्य आहे तुमची! आज त्यांची मुलगी यायचीय म्हणे. आपण तर तिला कधी पाहिलंही नाही."

"मग आत्ता जाऊन काढू?"

"कव्हर उचलताना कोणी बघितलं तर?"

"कव्हर माझं आहे!"

"गाडी तुमची आहे का? लिहिलं तरी काय होतं?"

"'आमच्या फाटकासमोर गाडी लावता, लाज नाही वाटत?' अगं, ते दवाखान्यात आहेत हे मला कुठे ठाऊक होतं?"

"आता काय करायचं?"

"मलाच कळत नाहीये."

सकाळी कव्हर उचलल्यावर सापडलेली चिठ्ठी तिने पर्समध्ये आणखी खोल सारली.

"काका, तुमचा नंबर आलाय," ती म्हणाली. "आणि ते कव्हर… बाबांच्या गाडीवर राहू द्याल थोडे दिवस?"