बारा कव्हरं

माझं नवं स्वयंपाकघर बघायला या की सगळ्या. फक्त ओट्याला टेकून उभ्या राहू नका, आधीच सांगते.

झालं काय, सून म्हणाली, "आई, जुनी कपाटं काढून नवीन करू." सुतारकाम सुरू झालं. मला वाटलं, आपलाही हातभार लागावा. बसले क्रोशाची सुई घेऊन आणि कपाटांच्या हँडलांना बारा कव्हरं विणली. लाल रंगाची, पांढऱ्या झालरीची. जुन्या फ्रीजच्या हँडलला होतं ना, अगदी तसंच.

काम संपलं त्या दिवशी कौतुकाने घेऊन गेले, तर एकाही कपाटाला हँडल नाही! सिन्नरहून येणारे सुतारदादा हळूच म्हणाले, "मावशी, वहिनींनीच नको सांगितलं. नुसता धक्का दिला की उघडतं."

सून म्हणाली, "हल्ली असंच असतं, आई. शिवाय कव्हरांचा त्रास नाही."

त्या 'शिवाय'ची काही गरज होती का? मी आपली कव्हरं पिशवीत घालून ठेवली.

आता धक्क्याने उघडतं म्हणजे कुणाच्याही धक्क्याने उघडतं. परवा ती पोळ्या लाटायला उभी राहिली, तर पोट लागून एक ड्रॉवर उघडला. तो गुडघ्याने बंद केला, तर शेजारचा उघडला. वैतागून वळली, तर कमरेने तिसरा! शेवटी लाटणं हातात घेऊनच माझ्याकडे आली.

"आई, हे बांधून ठेवायला काही विणता येईल का हो?"

म्हटलं, "येईल की. पण ते अडकवू कुठे? आधी हँडल बसवून घे."