भुवया उचलल्याबाबत

नाव तेलेसिया आउमुआ, वय ५४ वर्षे, धंदा किराणा दुकान, राहणार वाइतुसी गाव, सवाई बेट, सामोआ.

मी कोणी न बोलावता, आपल्या पायांनी चौकीत येऊन सांगते ते असे. मला बोलावले नाही, कारण गावातल्या बाकीच्यांचे जबाब एकसारखे झाले आहेत आणि सार्जंटसाहेबांच्या मते तेवढे पुरे आहेत. माझा जबाब त्यांच्यापेक्षा वेगळा आहे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. गावी परत येण्याआधी बरीच वर्षे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एका शाळेत साफसफाईचे काम केले. गोऱ्या पोरांची तोंडे मला वाचता येतात. याचा पुढे संबंध येणार आहे म्हणून सांगते.

आमच्या गावाच्या वर रानात अमेरिकेतल्या बिघडलेल्या मुलांचे शिबिर आहे. आईबाप मुलांना सुधारायला तिथे पाठवतात. मुलांना फोन देत नाहीत, चपलाही देत नाहीत, कारण चपला असल्या की पळतात. शिबिराने आमच्या चर्चवर नवे छप्पर घालून दिले. तेव्हा गावसभेत ठरले की पळून आलेले पोर दिसले तर परत पोचवायचे आणि ते जे सांगेल ते खोटे समजायचे. ही मुले खोटेपणातच मुरलेली असतात, असे शिबिरप्रमुखांनी सांगितले होते. आमच्याकडेही पोरांना धाकात ठेवतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी दुकान उघडत असताना मागच्या केळीतून एक मुलगी आली. तिचे नाव ब्रेना, वय पंधरा. उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून लाल झालेला, हात लावला तर चटका बसावा असा. मी तिला कोको दिला, तो तिने ओकून टाकला. म्हणाली, "बाई, मला आईला एक फोन लावू द्या ना. मी शहाण्यासारखी वागेन, एवढंच सांगायचंय तिला."

नंबर तिला पाठ होता. फोन मी लावला. तिच्या आईला मी म्हटले, "तुमची मुलगी तापानं फणफणलीय. हिला दवाखान्यात न्यायला हवं." आई म्हणाली, "असा फोन येणार, हे मला आधीच सांगून ठेवलंय. ती कोणालाही गुंडाळते. तुम्ही तिच्या नादी लागू नका." मुलीने माझ्या हातून फोन ओढून घेतला तोवर पलीकडून तो ठेवलेला होता. तरी ती थोडा वेळ बोलत राहिली.

एवढ्यात माझा थोरला भाऊ मुलितालो, जो गावाचा मुखिया आहे, चार-पाच माणसे घेऊन आला. शेजारणीने वर्दी दिली असणार. तिचे नाव मला विचारू नये, मला तिच्या शेजारीच मरायचे आहे. भावाने आमच्या भाषेत मुलीला विचारले, "काय गं, आजारी असल्याचं सोंग करतेस ना?" तिला आमची भाषा येत नव्हती. तिने त्याच्याकडे बघून दोन्ही भुवया वर उचलल्या.

आमच्याकडे याचा अर्थ हो. सार्जंटसाहेबांनीही आत्ता लिहिता लिहिता मला दोनदा असाच होकार दिला. पण गोऱ्या पोरांनी भुवया उचलल्या तर त्याचा अर्थ, काय म्हणालात ते कळलं नाही.

भाऊ म्हणाला, "झालं. कबूल केलं पोरीनं."

मी म्हटले, "दादा, ती हो म्हणाली नाही. तुझं बोलणंच कळलं नाही तिला."

"ऑकलंडला फरशा पुसून आलीस, आता आम्हाला भुवया शिकवतेस होय?" असे तो म्हणाला आणि सगळे हसले. मी तोच प्रश्न तिला इंग्रजीत विचारला. ती रडत म्हणाली, "नाही. देवाशपथ नाही." भाऊ म्हणाला, "बघा, आता शब्द फिरवतेय. शिबिराचे साहेब म्हणालेच होते." मग तिला पिकअपच्या मागे नारळांच्या गोण्यांवर बसवून वर नेले. निघताना मी तिच्या हातात पाव दिला. पोटात काही ठरत नाही म्हणून तिने तो परत केला आणि थँक्यू म्हणाली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ती शिबिरात वारली. पायातले विष रक्तात भिनले, असे इस्पितळातून कळले. डॉक्टर का बोलावला नाही, यावर शिबिराचे म्हणणे असे, की मुलीने गावासमोर सोंग कबूल केले होते. गावाचेही तेच म्हणणे आहे, आणि गाव खोटे बोलत नाही. त्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले. याचाच मला संताप येतो. खोटारड्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

मुलीला न्यायला आईबाप आले होते. काल आई दुकानात आली, नवरा बाहेर गाडीत बसून होता. ती मला म्हणाली, "तिनं नेमकं काय केलं, ते मला करून दाखवा." मी करून दाखवले. ती तिथेच पोत्यावर बसली. म्हणाली, "लहानपणापासून असंच. गणित समजलं नाही की हेच तोंड करायची."

मी म्हटले, "मग बाई, हेच चौकीत येऊन सांगा. तुम्ही आई आहात, तुमचं ऐकतील. माझं एकटीचं कोण ऐकतंय?"

ती उठून दारापर्यंत गेली. तिथून वळून म्हणाली, "मग ते फोनचंही विचारतील. नवऱ्याला मी फोनचं सांगितलेलं नाही." त्यानंतर ती गाडीत जाऊन बसली. आज सकाळच्या बोटीने शवपेटी गेली. ते दोघेही त्याच बोटीने गेले.

शिबिर चालू आहे. परवा नवी मुले वर जाताना मी दुकानातून पाहिली.

हा जबाब सार्जंटसाहेबांनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. पहिल्या वाचनात "मुलीने होकारार्थी भुवया उचलल्या" असे आले होते. त्यातला "होकारार्थी" हा शब्द मी खोडायला लावला. आता हा जबाब मी सांगितला तसा आहे, म्हणून सही करते. बाकीच्यांच्या जबाबांत तो शब्द तसाच आहे.