पातेरा ओढायचं मशीन

हॅलो? … हॅलो, कोन? … जरा मोठ्यानं बोला, खरखर लई येते… मोठ्या बाई? अगो बाई, तुमी! मी गौरा. … गौरा वो, तुमच्या कान्हा माळ्याची बायको. खालापूरच्या बंगल्यावर दुसरं कोन हाय फोन उचलायला?

… हो. … हो, तुमच्या उदयसाहेबांनी सांगितलं आमाला. रविवारपर्यंत खोली रिकामी करा म्हनून. चौदा वर्सं राह्यलो त्या खोलीत. भांडी बांधलीत. कोंबड्या वाडीतल्या जनीकडं दिल्या.

… नाय, रडत नाय मी. रडायला काय झालंय? राग आलाय.

… काय सांगितलं त्यांनी घरी? तुमीच बोला, मी ऐकते. … ह्यांनी मशीनची वायर उपटली. बरं. … पिशवी फाडली. हां, पुढं? … मशीनवर माती टाकली. … आनि प्यायले होते?

तर ऐका बाई. वायर ह्यांनीच उपटली. पिशवी ह्यांनीच फाडली. माती पन ह्यांनीच टाकली, फावड्यानं, चार फावडी. प्यायले नव्हते, तेवढं खोटं. आता का केलं ते ऐकता? … अवो ऐका ना… ऐका तर खरं!

… हां, तेच. अमेरिकेवरनं आनलेलं. पातेरा ओढायचं मशीन! पेट्रोल पितं, बोंबलतं, आनि काय तर म्हने झाडाखालची वाळकी पानं गिळून पिशवीत भरतं. बाई, आपल्या आवारात पातेरा कधी राह्यला होता का? दरसाल माघ सरला की वाडीच्या बाया येतात, जनी, सोनाबाई, सगळ्या. पाट्या भरभरून न्हेतात राबाला. … राब वो. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात ती. शेन, पातेरा, वरनं माती, मग आग. इसरलात काय? मोठे साहेब खुर्ची टाकून बघत बसायचे. … तर! पान शिल्लक राह्यचं नाय. ह्या वर्साला तुमच्या लेकानं बायांना फाटकातनं हाकललं. म्हने, आता मशीन हाय, बायांचं काय काम?

आनि त्या मशीनला सागाचं पान गिळवंना! अमेरिकेत पानं चिंचेएवढी असतील, मला काय ठावं. आपला साग म्हंजे एकेक पान जेवायला घ्यावं एवढं. दहा पावलं गेलं की अडकलं घशात. बंद करा, साफ करा, परत दोरी वढा. बायांनी सकाळच्या पारी झाडलं असतं ते अंगन दोन दिस चाललं होतं. जनी कुंपनाशी उभी राहून पदर तोंडात घालून हसत होती.

… चालवायचं कळलं नाय? कुनाला, ह्यांना? बाई, मशीन खोक्यातनं निघालं त्या दिशी हे खोपोलीला गेले शकूर मिस्त्रीकडं. आपला पंप दुरुस्त करतो तो. त्यानं सगळं नीट समजावलं. आत हात घालायचा तर आधी बंद कर, पातं थांबू दे, पलगाची वायर काढ, मगच हात. तापलेल्या मशीनात पेट्रोल वतू नको. पिशवी नीट बांधल्याबिगर चालू करू नको. आनि गरम काय पन वढू नको, विडीचं थोटूकसुदिक नाय. त्या दिवसापासनं ह्यांनी विडी खिशात ठेवायची सोडली. आनि तुमचे उदयसाहेब? तोंडात शिग्रेट, हातात पेट्रोलचा डबा, मशीन चटके देतंय! ह्यांनी हात धरला तर म्हनाले, तू मला शिकवतोस? दोन वर्सं अमेरिकेत राहून आलोय मी!

… नाय वो, तुमच्यावर कशाला चिडू? … बरं. हळू बोलते.

… कोन हे? एक्स्चेंजवाला? … तीन मिनिटं झाली? वाढवा! बाई, वाढवा सांगा त्याला! … हां. हाय का तुमी?

तर शनवारी. दुसऱ्या दिशी पाव्हने जेवायला येनार होते. ओट्यावरनं साहेबांना ती काळी जागा दिसली, बंगल्यामागच्या आमच्या भाताच्या तुकड्यातली. आदल्या दिशीच राब भाजला होता आमी. म्हनाले, काय ही घान, आताच्या आता साफ करतो. ह्यांनी सांगितलं, साहेब, राब हाय तो, वरनं गार दिसतो, आत इस्तव जिता हाय, दोन दिस जवळ जायाचं नाय. बाई, आमच्या वाडीतलं पाच वर्साचं पोर राबावर पाय ठेवत नाय! साहेब निघाले मशीन घेऊन. राबावर! राख वढायला!

… अवो तेच सांगते ना. पिशवीत सुका पातेरा, टम्म फुगलेली. त्यात गेला निखारा. वरती पेट्रोलची टाकी.

… हो. … हो, भडकाच उडाला. आनि साहेब काय करतात? दांडा धरून उभे! सोडून पळायचं पन सुचंना. हे धावले. पयली पलगाची वायर उपटली, मशीन थांबलं. मग साहेबांना ढकललं. … हां, ढकललं. ते नाय सांगितलं त्यांनी? शेनाच्या ढिगात पडले ते. मग ह्यांनी ती जळती पिशवी वढून काढली, हातानं. मग माती. … पानी? पेट्रोलवर पानी वततात होय बाई? मातीच टाकतात.

… मी खोटं बोलते? … बरं. खोटं तर खोटं. मला वाचता येत नाय, पन मशीनबरोबर आलेलं पुस्तक हितं माझ्या हातात हाय. कोरं करकरीत. टेबल डगमगतं म्हनून साहेबांनी पायाखाली घातलं होतं. आत चितर हाय. ज्वाळ, आनि तिच्यावर लाल फुली. फुली मला कळते बाई! तुमच्या लेकाला कळली नाय.

… हो, तुमचा लेक तो. तुमी त्याचंच ऐकनार. मग एकच इचारते. तिकडनं हितं आले तवा साहेबांना मिशी होती, आता हाय का? … काढली? कशापायी? … फ्याशन! हां, फ्याशन. आनि डोळ्यावर काळा चष्मा हाय का? … घरात पन? … डोळे आलेत म्हने? बाई, तो चष्मा काढून भुवया बघा. … मला सांगू नका, उठा आनि बघा. धड एक भुवई सापडली तर रविवारची वाट न बघता आज खोली सोडते.

… हॅलो? … बाई? … गेल्या वाटतं. … हां, ऐकू येतंय. हाक मारतायत. … (अवो धनी, तुमी गप पडा ना. हात उशीवर ठेवा, खाली नका सोडू.) … काढ म्हनतात. … अजून काढत नाय बघा. … काढला!

… हां बाई. … हाय, हाय, हितंच हाय. … नाय, तुमी कशाला माफी मागता? तुमी काय केलं? … खोलीचं ऱ्हाऊ दे आता, ते मागनं… काय? परत बोला, खरखर येते. … हात? ह्यांचा हात कसा हाय इचारता?

… आता रडते बघा मी. … थांबा जरा. … पाच दिस झाले बाई. दारात गाडी उभी होती, ती घेऊन साहेब मुंबईला गेले. ह्यांना शकूरच्या टेंपोतनं न्हेलं दवाखान्यात, पट्टी बांधून परत आनलं. पाच दिसांत हाताचं तुमीच पयल्यांदा इचारलं.

उजवा. मनगटापर्यंत. डाक्टर म्हनतो बोटं वाचतील, पन औंदा चिखलात हात घालायचा नाय. राब तर भाजून झाला आमचा. रोपं येतील. लावनार कोन?

… कोन? … उदयसाहेब? … लावनीला? … नको वो बाई, चिखल असतो, जळवा असतात… … सगळी लावनी? शेवटच्या मुठीपर्यंत? … तुमी स्वता घेऊन येनार?

… बरं. पाठवा. खोलीतली बांधलेली भांडी सोडते मी. आनि बाई, तेवढं त्यांना सांगून ठेवा… रोपं हातानं लावतात… हॅलो? … हॅलो?