सफरचंदं वाळेपर्यंत

हॅलो?… हं… थांब जरा, तोंडात टाचण्या आहेत… हं, बोल आता छोटे. नाही गं, कामात कसली, शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यांना दुमड घालत बसलेय. तिच्याकडे खिडक्या कमी आणि पडदे जास्त.

काय आणलंस?… खोकं? सफरचंदांचं अख्खं खोकं? वाळवायला? तू? अगं, तुझ्या घरात ओला रुमाल वाळत नाही… बरं बरं, नाही हसत. बोल.

हो, आठवतंय की. अप्पा दुकानाच्या मागच्या खोलीत वाळत घालायचे. लाकडाच्या भुशाचा आणि सफरचंदांचा वास एकदमच यायचा. शाळेतून आलो की आपण खिसे भरून घ्यायचो… अच्छा. म्हणजे त्यांच्यासाठी म्हणून आणलीस.

अजून बोलत नाहीत?… अगं, महिना होत आला ना त्यांना तुझ्याकडे येऊन. नुसतं 'हं'? जेवणार का, हं. टीव्ही लावू का, हं… आणि त्यांची पिशवी? अजून दाराशीच? भरलेली?

रविवारी? 'रविवारी मला दुकानावर नेऊन सोडा', असं म्हणाले? चला, एक पूर्ण वाक्य तरी बोलले… नाही गं, चेष्टा नाही करत. मलाही धास्तीच आहे. दुकान बंद, वर राहणार एकटे, आणि तो जिना. एकदा पडलेत त्यावरून. पुन्हा तिथे गेले तर माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही.

हं… हं… रडू नकोस. रडलीस की तुझं नाक चोंदतं आणि मला एक अक्षर कळत नाही. सफरचंदांचं बोल. कसली आणलीस?

लालभडक. मऊ. गोड. वाटलंच मला. दिसायला देखणी, वाळवायला कुचकामी. घट्ट हवीत, जराशी आंबट… असू दे आता, परत कुठे जातेस. असं कर, देठाजवळ अंगठ्याने दाबून बघ. दबलं की बाजूला. डाग असला तरी बाजूला… फेकतेस कशाला? शिजवून नवऱ्याला घाल. त्याला कळायचं नाही.

धुतलीस? पुसलीस?… कशाने?… बरं, टॉवेल स्वच्छ होता एवढंच सांग. आता मधला बियांचा भाग काढायचा, आडव्या चकत्या करायच्या आणि कापल्या कापल्या लिंबाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात… साखर? साखर कशाला घातलीस? अगं, सरबत करायचंय का आपल्याला?

अर्धी कापून झाली? कशी कापलीस, जाड की पातळ?… म्हणजे काय, 'मिळून मिसळून'? एक बोटाएवढी, एक कागदासारखी… आणि काही पाचरीसारख्या? छोटे, तू सुताराची मुलगी ना गं? अगं, सगळ्या सारख्या हव्यात. पातळ कडकडीत होणार, जाड आतून ओली राहणार, आणि बरणीत भरल्या की सगळ्यांना बुरशी… 

कोण बोललं ते?… नाही, तुझ्यामागे कुणीतरी बोललं… अप्पा? काय म्हणाले?… 'ही काय चकती झाली?'… असं म्हणाले? खुर्चीतून?… उठले? आपणहून?

छोटे, ऐक. हळू बोल. वळून बघू नकोस त्यांच्याकडे. आणखी एक काप. वाकडी काप… अगं, मघाशी सांगितलं ते सगळं विसर. जितकी वाकडी जमेल तितकी. तुला काय, मुद्दाम करायचीसुद्धा गरज नाही… हं… हं… काय झालं?… सुरी घेतली हातातून?

…आहे, आहे मी फोनवर. काही नाही गं… रडतेच आहे. बरं वाटलं म्हणून. तू सांग, काय करतायत?

सुरीला धार नाही म्हणतात? खरंच आहे ते, तुझी सुरी लोण्यालासुद्धा विचारून कापते… आता कुठे निघाले? दाराकडे? पिशवी उचलली?… अगं, मग बघत काय उभी राहिलीस, अडव त्यांना… कुठे? स्वयंपाकघरात? ओट्यावर ठेवली?… उघडली? स्वतः?

धार लावायचा दगड काढला. आणि फूटपट्टी… हसू दे गं मला जरा. सफरचंद मोजतायत?… पेन्सिलीची खूण सालावर? देवा रे… जाळीची चौकट लागेल म्हणाले? मग दे ना. तुझ्या बाल्कनीत ती जुन्या खिडकीची जाळी पडलीय, ती दे. नवरा कुरकुरला तर ताईने सांगितलं म्हण.

ऐक, आता विचार. रविवारचं… आडून आडून नको. 'अप्पा, रविवारी गाडी सांगून ठेवू का?' असं सरळ विचार… भितेस काय, मी आहे ना इथे. विचार.

…

हं? काय म्हणाले?… 'रविवारी कसं जमेल? चकत्या रोज उलटाव्या लागतात. तुला जमणार आहे का?'… आणि तू काय म्हणालीस?… 'नाही जमणार.' शहाणी गं माझी बाय. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर कबूल केलंस.

काय? मला? माझ्याशी बोलायचंय त्यांना?… दे, दे…

हॅलो, अप्पा?… हो, पडदेच शिवतेय… नाही हो, मी नाही सांगितली ती लाल आणायला, तिचंच डोकं… हो. घट्ट. आंबट. रविवारी येताना खोकं घेऊन येते… पण अप्पा, तोवर ही वाळली नसतील ना?… हो. मग ती दुसरी त्यानंतर. बरोबर. बराच वेळ चालेल म्हणजे हे… अप्पा, ऐका ना, तुम्ही तिथे आहात तर मला किती… काय?… बडबड?… काळ्या पडतायत? बरं, बरं, ठेवते… हॅलो?… अप्पा?

ठेवलासुद्धा. महिनाभर तोंडातून शब्द नाही, आणि बडबड म्हणे मी करते.