अस्वलाचं गाणं

काका : …आणि सगळ्या गाण्यांतले श्वाससुद्धा काढून टाकलेत, वहिनी. मास्तर गातायत, पण श्वास कुठे घेतला ते कुणाच्या बापाला कळणार नाही.

आई : बरं.

काका : त्या शेवटच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण किती गचाळ होतं. कुणी खोकतंय, कुणी खुर्ची सरकवतंय. सगळं धुऊन काढलं. संगणकावर बसून बसून मान धरली, पण गाणं आता आरशासारखं आहे.

लेक : आई, काका तुझ्याशी बोलतायत.

आई : ऐकतेय ना. चहा निवतोय तुमचा, भावजी.

लेक : सभागृहाच्या चिटणीसांचा सकाळपासून सारखा फोन येतोय. बाबांच्या स्मृतिसभेची कार्यक्रमपत्रिका छापायला जायची अडलीय. म्हणाले, बाकीची गाणी आम्ही ठरवली, शेवटचं तेवढं बाईंनी सांगावं. सगळे दिवे मालवणार, पडद्यावर बाबांचा फोटो, आणि सगळं सभागृह उभं राहून ते एक गाणं ऐकणार.

आई : कुठलंही लावा.

लेक : 'कुठलंही' नावाचं गाणं बाबांनी केलेलं नाही.

काका : असू दे गं, घाई नको करूस. वहिनी, मी सांगू? 'जपून ने दिवा'. डोळे मिटून. शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांना त्या गाण्यानं रेडिओवर नेलं. मी तेव्हा स्टुडिओत नवखा होतो. मास्तर आले ते हातावर खडूची भुकटी तशीच. माझे साहेब म्हणाले, हा काय गाणार? आणि पहिली ओळ झाल्यावर साहेबांनी स्वतः उठून दार लावलं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. साहेब कुणासाठी उठत नसत.

आई : त्या चालीपायी पँट जळली होती.

लेक : कसली पँट?

आई : ह्यांची. एकच बरी होती. इस्त्री करता करता गुणगुणायला लागले, आणि इस्त्री तिथेच राहिली. मी स्वयंपाकघरातून विचारतेय, कसला वास येतोय? तर म्हणे, सापडली. काय सापडली? दुसरी ओळ. दुसऱ्या दिवशी शाळेत जळक्या जागेवर पिशवी धरून गेले.

काका : हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी.

आई : तुम्हाला कशाला सांगतील? पुढे ते गाणं कुठे कुठे वाजलं. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याबाहेर. मला आपला कापड जळल्याचा वास यायचा.

लेक : मग तेच लिहू?

आई : लिही हवं तर.

लेक : हवं तर म्हणजे काय, आई? बाबा जाऊन दीड महिना होत आला. तू त्यांची औषधं परत दिलीस, चष्मा कुणाला देऊन टाकलास, पेटी पुसून झाकून ठेवलीस. भेटायला आलेल्यांना चहा करतेस. एकदाही… जाऊ दे.

आई : रडले नाही. म्हण ना.

लेक : तसं नाही म्हणायचं मला.

आई : शेजारची म्हणाली परवा. जिना उतरताना दुसरीला सांगत होती, बाई घट्ट आहे हो. खरं असेल. मलाही कळत नाही. समोरच्या घरात 'ओली पायवाट' लागलं होतं. मी गॅस बंद केला आणि उभी राहून ऐकलं. म्हटलं, आता येईल काहीतरी. गाणं संपलं. मग गॅस पुन्हा पेटवला.

काका : वहिनी, ते गाणं तर त्यांच्या आवाजाचा कळस आहे.

आई : असेल. पण तो आवाज माझा कुठे होता, भावजी? तो तुमचा, सभागृहवाल्यांचा, न्हाव्याचा. घरात ते त्या आवाजात बोलत नसत. घरातला आवाज वेगळा होता. जरा चिरका. नाकात यायचा.

लेक : मुलाखती आहेत की त्यांच्या.

आई : मुलाखतीत इस्त्रीचा आवाज लावायचे. 'माझ्या संगीताच्या वाटचालीत…' असा माणूस माझ्या घरात कधी राहिला नाही.

लेक : माझ्या फोनमध्येही काही नाही. शोधलं मी. आहेत ते व्हिडिओ सगळे घशाच्या ऑपरेशननंतरचे. नातवंडांकडे बघून हात हलवतायत, पाटीवर लिहितायत. आवाज नाहीच.

आई : गळा कापला तेव्हाच गेला तो. मला वाटलं, माझ्याकडे आहे. इतकी वर्षं ऐकलाय, कुठे जातोय? आणि आता दुपारी पडल्या पडल्या आठवून बघते. शब्द आठवतात, पण माझ्याच आवाजात. ह्यांचा लागत नाही. रोज थोडा थोडा पुसट होतोय. म्हणून म्हणाले, कुठलंही लावा. मला त्यातलं काही नकोय.

काका : असं म्हणू नका, वहिनी.

आई : तुमच्याकडे असेल वाटलं होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, सगळं ध्वनिमुद्रण घेऊन येतो. म्हटलं, गाण्याच्या आधी, मधे, काहीतरी बोलले असतील. कुणावर ओरडले असतील.

काका : बोलायचे ना. पुष्कळ बोलायचे. 'तबला जरा उतरवा', 'पाणी द्या रे कुणीतरी'. तालमीत शिव्यासुद्धा.

आई : मग?

काका : कापलं, वहिनी. तेव्हा टेप असायची. ब्लेडनं कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. नको ते तुकडे खाली पडायचे, पायात यायचे. सकाळी झाडूवाली गोळा करून न्यायची. मास्तरच सांगायचे, माझा घसा खाकरलेला जगाला कशाला? आणि मी तर… साहेब मला म्हणायचे, तुझ्या हाताखालून गेलेल्या टेपमध्ये माशीसुद्धा गुणगुणणार नाही. त्याच्यावरच तर माझी नोकरी टिकली.

आई : काम चोखच होतं तुमचं. हेही नेहमी म्हणायचे.

काका : आणि आता उरले होते ते श्वास. तेही गेल्या पंधरवड्यात मीच काढले.

लेक : काका, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्हाला काय माहीत?

आई : नाहीच घ्यायचं. चहा बदलून देऊ का?

काका : नको. वहिनी, एक विचारू? कुठले शब्द आठवतात?

आई : काही खास नाही हो. घरात शिरले की चपला काढायच्या आत 'उकडतंय हो फार'. भर थंडीतसुद्धा. मी हातातलं काम टाकून खिडकी उघडायची. वर माझंच बोलणं, लग्न माझ्याशी केलंत की खिडकीशी? तेवढंच. रोजचं.

काका : 'उकडतंय हो फार'.

आई : तुम्ही म्हटलंत तर तुमचा आवाज येतो. बघा ना, असंच होतं.

काका : एक जागा आहे, वहिनी.

लेक : कसली जागा?

काका : ती सर्कशीची फिल्म आठवते? मुलांची. अस्वलाच्या तोंडी गाणं होतं, मास्तरांनी स्वतः गायलेलं.

आई : कधी लागलीच नाही ती. निर्माता कुठे पळाला. हे म्हणायचे, माझं एक अस्वल उपाशी मेलं.

काका : तेच. स्टुडिओत पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर त्याची घरघर टेपवर येते. त्यात तो ढोल, मुलांचा घोळका, सगळे एकाच खोलीत, घामानं निथळलेले. मधे बासरीचा तुकडा होता. तेव्हा मास्तर बासरीवाल्याकडे वळून बोलले. माईक उघडा होता. मला कापता येईना, कारण सगळे एकाच टेपवर. त्यांना कापलं तर बासरी कापली जाणार. पुन्हा घेऊ म्हटलं तर निर्माता म्हणाला, राहू दे की, अस्वल आहे, अंगावर एवढे केस, उकडणारच त्याला.

लेक : म्हणजे बाबा त्यात…

काका : तेच म्हणतात. माझ्या सगळ्या कामात तेवढा एक डाग राहिला. फिल्म डब्यातच राहिली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? म्हणून या यादीत ते धरलं नाही.

आई : आहे?

काका : संगणकात आहे. धुतलेलं नाही. हात लावलेला नाही.

आई : लावा.

(काका गाणं लावतात. ढोल, पोरांचा गलका, अस्वलाचा बसका सूर. मग बासरी, आणि तिच्या आडून एक चिरका, नाकातला आवाज. गाणं पुढे जातं.)

काका : बंद करू?

आई : संपू दे त्यांचं.

लेक : आई, तू बरी आहेस ना?

आई : बरी आहे. चिटणीसांना फोन लाव. सांग, शेवटी अस्वलाचं गाणं.

लेक : आई. मोठमोठी माणसं येणार आहेत. सगळे उभे राहणार, दिवे मालवणार, आणि अस्वल? हसतील लोक.

आई : हसू देत. हेही हसले असते.

लेक : काका, तुम्ही तरी सांगा.

काका : मी काय सांगू? वहिनी, निदान तो ढोल जरा साफ करून देतो. कर्कश येतोय.

आई : भावजी.

काका : नाही. बरोबर आहे. नाही करत.

आई : पुन्हा एकदा लावा. नुसती ती जागा नको, पहिल्यापासून. मध्येच हाक मारल्यासारखं होतं.

काका : लावलं.

लेक : चिटणीस आहेत फोनवर. हो… हो, ठरलं. नाही, 'दिवा' नाही. जरा थांबता का, आई गाणं ऐकतेय.

काका : आली बघा बासरी. आता…

लेक : आई?

आई : खिडकी उघड गं जरा.

लेक : अगं, बाहेर किती गार वारा सुटलाय. तुलाच बाधेल.

आई : असू दे. उघड तू.