अनवरभाईंच्या बाजूनं काहीच सुटलं नव्हतं

भाभी, लॅबमधल्या माझ्या भावांनो, घाटंजीहून एस.टी.नं आलेल्या सोयऱ्यांनो,

अनवरभाईंच्या शोकसभेला तुम्ही एवढे लोक आलात. हा हॉल भरेल असं मला वाटलं नव्हतं. मी नंदा. दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस आहे. होती. डॉक्टर बोलतात, मी ट्रे धरते, एवढीच माझी सवय. त्यामुळे आवाज कापला तर समजून घ्या. थांबवू मात्र नका.

अनवरभाई दात बनवायचे. कॅप, ब्रिज, कवळ्या. यवतमाळातल्या कितीतरी लोकांचं हसू त्यांच्या हातचं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलंही नाही. त्यांचे अब्बा घाटंजीच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावायचे. अनवरभाई ते लपवायचे नाहीत. मला म्हणायचे, "नंदाताई, अब्बानं मले एकच गोष्ट शिकवली. भांडं घासलं नाही तं कल्हई धरत नाही. दिसाले साफ दिसते, पण साफ नसते."

मी विचारायची, "मग धातूवर ही चिनीमाती कशी काय बसते? गोंद लावता का?"

ते हसायचे. धातूचा सांगाडा भट्टीत घालायचे. तापला की त्याच्या अंगावर सायीसारखा पातळ थर यायचा. त्यावर चिनीमाती चढवून पुन्हा भट्टीत. "आता आत अणूले अणू धरून राह्यला, ताई. हा गोंद नाही होय. ही सोयरीक होय. मोडली तं दोन्ही घरं मोडतीन, पण सुटणार नाही."

त्यांचं काम सुटायचं नाही. हे मी शपथेवर सांगते.

मग कॅप का पडायला लागल्या? सांगते. आज सांगायलाच उभी आहे.

ती वर्षं तुम्हाला आठवतात. कापसाला भाव नव्हता. बसभाड्याचा विचार करून माणूस दुखणं दाबून ठेवायचा आणि आला की म्हणायचा, एकाच फेरीत सगळं उरका. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तीन खुर्च्या एकदम चालवायला सुरुवात केली. कॅप बसवायची तर आधी दातावर आम्ल लावायचं. त्यानं दाताला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. मग धुवायचं, थुंकीपासून जपायचं, मग बाँड लावायचा. तो त्या भोकांत शिरून मुळं धरतो, आणि त्यावर सिमेंटनं कॅप चिकटते. थुंकी लागली की भोकं बुजली. पुन्हा पहिल्यापासून करायचं.

आम्ही पुन्हा करत नव्हतो. मी म्हणायची, "साहेब, ओलं झालं." ते म्हणायचे, "चालते. पुढचा घे." कापसाच्या जिल्ह्यात, भाऊ, आमच्याकडे तोंडातला कापसाचा बोळा बदलायला सवड नव्हती!

आणि बाटली. बाँडच्या बाटलीची मुदत संपली होती. तिच्यावरची तारीख ब्लेडनं खरवडली. कुणी खरवडली? मी. साहेबांनी सांगितलं आणि मी केलं. या हातांनी.

पांढरकवड्याकडच्या एक अंगणवाडीताई आहेत. आज मागे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते. पोरांना गाणं शिकवताना त्यांचा समोरचा ब्रिज गळून पडला. पोरं हसली. त्या तोंडावर पदर धरून आमच्याकडे आल्या. डॉक्टरसाहेबांनी अनवरभाईंना बोलावून घेतलं. भरलेल्या दवाखान्यात, पेशंटसमोर म्हणाले, "याचा माल कच्चा."

अनवरभाई म्हणाले, "साहेब, ब्रिज मले आतून पाहू द्या. सिमेंट कुठं राह्यलं ते पाहू."

"तू मला शिकवतोस? कल्हईवाल्याचा पोरगा!"

आणि हात जोडायला लावले. त्यांनी जोडले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ट्रे धरून उभी होती. काहून बोलली नाही मी? नोकरी. दुसरं काय?

त्या दिवाळीपर्यंत शहरातल्या सगळ्या दवाखान्यांनी त्यांचं काम बंद केलं. भट्टी थंड पडली. दातांची धूळ आधीच छातीत बसलेली, तो माणूस जिनिंगमध्ये फिटर म्हणून कापसाच्या धुळीत गेला. गेल्या आठवड्यात तिथेच, यंत्राजवळ, खाली बसले. उठले नाहीत. डॉक्टरांनी त्यांचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. नाव घेतलं. ज्याचं नाव गेलं, त्याला जीव कुठवर पुरणार?

परवा दुपारी भाभींनी मला हा बिस्किटाचा डबा दिला. तुम्ही सगळे पाहा. पेशंट ज्या पडलेल्या कॅप घेऊन रागानं त्यांच्या लॅबवर यायचे, त्या यात आहेत. प्रत्येकीला पेशंटच्या नाव-गावाची चिठ्ठी. मी भिंग घेऊन एकेक पाहिली. प्रत्येकीच्या आत सिमेंट जसंच्या तसं आहे, त्यांच्या धातूला घट्ट धरून. सुटलं ते दाताच्या बाजूनं. आमच्या बाजूनं. एकही, अहो एकही, अनवरभाईंच्या बाजूनं सुटलेली नाही!

त्यांना हे माहीत होतं. तरी दारोदार डबा घेऊन फिरले नाहीत. ते भले होते. मी भली नाही.

काल मी नोकरी सोडली. आज सकाळी अंगणवाडीताईंसोबत ग्राहक मंचात तक्रार दिली. साक्षीदार म्हणून माझं नाव आहे, आणि तारीख कुणी खरवडली तेही लिहून दिलं आहे. मला शिक्षा झाली तर होऊ द्या. एकटी भोगणार नाही. चिठ्ठीवरच्या प्रत्येक गावाला मी जाणार आहे, प्रत्येक माणसाला भेटणार आहे. अनवरभाईंच्या नावाला जेवढ्या लोकांत काळं फासलं, तेवढ्या लोकांत ते पुसणार. आणि ज्यानं फासलं त्याचं नाव तिथे लिहून येणार.

डॉक्टरसाहेब पहिल्या रांगेत बसले आहेत. माझ्यानंतर श्रद्धांजलीचं भाषण त्यांचं आहे, असं कळलं. माझी हरकत नाही.

अनवरभाई, मी उशिरा बोलली. माफी मागत नाही, ती मिळायची वेळ गेली. तुम्हाला माझा सलाम.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. ही दोन मिनिटं त्यांची.

त्यानंतरची, डॉक्टरसाहेब, तुमची. बोला.